तोंड किती उघडतं?

उजव्या हाताची मधली तीन बोटं जोडा. हात असा वळवा की बोटं एकावर एक येतील, आणि ती तशीच वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघा. सहज गेली तर जबडा नीट उघडतो आहे. दोनच गेली, किंवा तिसरं घालताना गाल आतून ओढल्यासारखा वाटला, तर दातांच्या डॉक्टरला दाखवायला हवं, आणि तेही या आठवड्यातच.

मी दातांचीच डॉक्टर. बार्शी आणि धाराशिवच्या मधल्या पट्ट्यात एका बाजारगावात माझा दवाखाना आहे. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून गर्दी होते. कुणाचा दात किडलेला, कुणाची कवळी सैल झालेली. खुर्चीत बसलेल्याला मी पहिल्यांदा ‘आ करा’ म्हणते, आणि त्या ‘आ’मध्येच पुष्कळ कळून जातं. हल्ली विशी-पंचविशीतली पोरं येतात, त्यांना आ करताच येत नाही. आरसा आत घालायला जागा नसते. विचारलं की सांगतात, ‘मॅडम, तिखट सहनच होईना झालंय. आई माझी आमटी आधीच बाजूला काढून ठेवती.’ आणखी विचारलं तर कळतं की शिट्टी वाजत नाही, फुगा फुगवता येत नाही, पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही. निरोगी गालावरून आतून बोट फिरवलं तर तो मऊ, ओलसर लागतो. यांच्या गालात उभ्या दोऱ्या लागतात, कडक आणि पांढुरक्या. ओलं चामडं उन्हात वाळून आखडावं तसा तो गाल आखडलेला असतो.

या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय बायकांमध्ये तो नोंदवला आणि पुढच्याच वर्षी भारतात डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला आज रूढ असलेलं नाव दिलं. त्याचं कारण सुपारी आहे. तंबाखू नसलेली, नुसती सुपारीसुद्धा. सुपारीतलं ॲरेकोलिन हे द्रव्य गालाच्या आतल्या पेशींना जास्तीचे तंतू तयार करायला लावतं, सुपारीतलं तांबं त्या तंतूंची वीण घट्ट करतं, आणि तिच्यातलं तुरट टॅनिन ते तंतू विरघळू देत नाही. एकदा आखडलेला गाल पूर्ववत होत नाही. सुपारी थांबवली तर आजार तिथं थांबण्याची शक्यता असते. रोज आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायचा व्यायाम आम्ही देतो, इंजेक्शनं देतो, फारच आवळलं असेल तर शस्त्रक्रिया होते. पण मूळचा गाल परत मिळत नाही. केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा त्यातल्या ७.६ टक्के जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. म्हणजे साधारण तेरा जणांत एक.

आणि तरी सुपारीला आपल्याकडं कुणी व्यसन म्हणत नाही. ती पूजेच्या ताटात असते, पंगत उठली की तबकात फिरते, लग्न ठरलं की फोडतात. घरात आजोबांनी अडकित्त्यानं कातरलेली खांडं नातवाच्या हातावर पडतात. टपरीवर गोड, सुगंधी सुपारीची पुडी शाळेतल्या मुलाला सुट्ट्या पैशांत मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली सुपारीला माणसात निश्चितपणे कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. ही गोष्ट माझ्या भागातल्या शिक्षकांनासुद्धा माहीत नसते. मी शाळेत तपासणीला जाते तेव्हा तंबाखूबद्दल फलक लावलेले असतात, सुपारीबद्दल एक अक्षर नसतं.

कॅन्सरबद्दल बोलताना ‘जीवनशैली’ हा शब्द हल्ली सर्रास वापरला जातो. ऐकताना असं वाटतं की माणसानं स्वतः निवडून काहीतरी वाईट अंगीकारलं आणि मग त्याची किंमत मोजली. माझ्या खुर्चीत बसणाऱ्या माणसांपैकी फार थोड्यांनी काही निवडलेलं असतं. बहुतेकांना ते घरातून आणि कामातून मिळालेलं असतं.

मशेरीचंच बघा. तंबाखूची पानं किंवा चुरा लोखंडी तव्यावर मंद आचेवर टाकायचा आणि उलथन्यानं हलवत राहायचं. थोड्या वेळानं धूर सुटतो. तो घशाला असा धरतो की घरातली मुलं खोकत बाहेर पळतात. तंबाखू काळी कुळकुळीत झाली की तवा उतरवायचा, गार झाल्यावर वाटीच्या बुडानं चुरायची आणि डबीत भरायची. सकाळी उठल्यावर तर्जनीवर चिमूट घेऊन दातांना आणि हिरड्यांना लावायची, आणि ओट्यावर बसून दहा-पंधरा मिनिटं तोंडात तशीच ठेवायची. शेजारणी जमतात, कोण कुणाकडं आलं-गेलं याच्या गोष्टी होतात. दिवसभर राबणाऱ्या बाईच्या वाट्याला तेवढीच बसण्याची वेळ येते. पुढं दुपारी एकदा, जेवणानंतर एकदा, झोपण्याआधी एकदा असं वाढत जातं.

ती लावायला सुरुवात का झाली, हे मी प्रत्येकीला विचारते. उत्तरं ठरलेली असतात. दात ठणकत होता आणि सासूनं दिली. पहिल्या गरोदरपणात मळमळ व्हायची. पोट साफ होत नव्हतं. पहाटे उसाच्या फडात जायचं, दुपारपर्यंत पोटात काही नसायचं, मशेरी लावली की भूक मरायची. यातलं एकही कारण खोटं नाही. निकोटिन आतड्याला चालना देतं, भूक मारतं, काही वेळ दुखणं विसरायला लावतं. त्या बाईला दातांचा डॉक्टर जवळ नव्हता, पेस्टला पैसे नव्हते, दुपारची भाकरी वेळेवर नव्हती. या तीनही गोष्टींच्या जागी तिला एक डबी मिळाली. काही महिन्यांत निकोटिनची सवय शरीराला लागते आणि मग मशेरी न लावल्यानं डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट अडतं. लावली की बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यालाच बाई औषध समजते.

तंबाखूच्या पानात, ते वाळवताना आणि मुरवताना, नायट्रोसामाइन नावाची रसायनं तयार होतात. तंबाखूतली सर्वांत जहाल कॅन्सरकारक द्रव्यं हीच. मशेरीसाठी तंबाखू भाजली की त्यात जळण्यातून निर्माण होणाऱ्या बेंझोपायरिनसारख्या द्रव्यांची भर पडते, म्हणजे सिगारेटच्या धुरात असतं त्यातलं काही थेट हिरडीवर चोळलं जातं. हातावर तंबाखू मळताना चुना लावतात, त्यालाही कारण आहे. चुन्यामुळं निकोटिन अशा रूपात येतं की ते गालातून झपाट्यानं रक्तात शिरतं, म्हणून तलफ लवकर भागते. चुना गालाचं अस्तरही सोलतो, आणि त्या सोललेल्या जागेतून बाकीची विषं आत जातात. बार भरायची प्रत्येकाची जागा ठरलेली असते. बहुतेकांची खालच्या हिरडीच्या आणि गालाच्या मधल्या खाचेत. आपल्या देशात तोंडाचा कॅन्सर सर्वांत जास्त याच खाचेत होतो. कॅन्सरचे डॉक्टर त्याला ‘भारतीय तोंडाचा कॅन्सर’च म्हणतात, कारण पाश्चात्त्य देशांत तो जास्त करून जिभेवर आणि जिभेखाली दिसतो. माझ्याकडं आलेल्या माणसाला मी विचारते, ‘दादा, बार कुठल्या बाजूला धरता?’ तो बोट दाखवतो, आणि पांढरा चट्टा नेमका तिथंच असतो.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या २४.४ टक्के प्रौढांनी बिनधुराची तंबाखू वापरत असल्याचं सांगितलं. विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्केच होते. आपल्या राज्याचं दुखणं धुराचं कमी आणि तोंडात धरलेल्या तंबाखूचं जास्त आहे, हे यावरून समजावं. विदर्भात तिचं नाव खर्रा, इकडं मावा, कुठं गुटखा, बायकांत मशेरी. आणि याची झळ खाणाऱ्यापुरती राहत नाही. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांची पाहणी करून २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मशेरी किंवा तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं इतरांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी जन्मली होती. अडीच किलोच्या आतबाहेर जन्मणाऱ्या आपल्याकडच्या बाळांना शंभर ग्रॅम म्हणजे फार झाले.

या सगळ्यावर एक उत्तर मला हमखास मिळतं: ‘आमची आजी नव्वदीपर्यंत मशेरी लावत होती, तिला काय झालं?’ काही झालं नाही, हे खरं आहे. तंबाखू वापरणाऱ्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही. पेशीतल्या गुणसूत्रांना रोज थोडी इजा होते, शरीर ती रोज दुरुस्त करत राहतं. वर्षानुवर्षं हे चालतं, आणि कधीतरी चुकीच्या जागची इजा दुरुस्तीवाचून राहून जाते. कुणाच्या बाबतीत ते चाळिशीत होतं, कुणाच्या बाबतीत कधीच नाही. पण ज्या आज्या पन्नाशीत तोंडाच्या जखमेनं गेल्या, त्यांचं उदाहरण द्यायला त्या उरल्या नाहीत, आणि त्या काळी रोगाचं नावही घरात कुणाला कळलं नव्हतं. ‘तोंड येऊन गेली’ एवढंच सांगतात. दारू जोडीला असली तर धोका नुसता वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. दारूमुळं तोंडाच्या अस्तरातून तंबाखूची विषं सहज आत जातात, आणि दारूचं शरीरात जे ॲसिटाल्डिहाइड होतं ते स्वतःही कॅन्सरकारक आहे.

चालीरीतींतून कॅन्सर येतो, हे आपल्याकडं फार पूर्वी एका माणसानं ओळखलं होतं. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर सूक्ष्मदर्शकाखाली गाठी बघत, आणि त्या गाठीचा माणूस काय खातो, कसा राहतो, काय नेसतो याचीही चौकशी करत. कमरेला वर्षानुवर्षं धोतर एकाच जागी घट्ट आवळून तिथली कातडी काळवंडते, सोलते आणि काही जणांना तिथंच कॅन्सर होतो. ‘धोतराचा कॅन्सर’ या नावानं १९४५ साली खानोलकरांनी त्याचं वर्णन केलं. साडीच्या परकराची नाडी एकाच जागी आवळणाऱ्या बायकांमध्येही तो आढळला आहे. काश्मिरात पोटाशी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरून बसणाऱ्यांना पोटाच्या आणि मांडीच्या कातडीचा कॅन्सर होई. आंध्रच्या किनाऱ्यावर बायका चुट्ट्याचं, म्हणजे तंबाखूच्या जाड विडीचं, जळतं टोक तोंडात ठेवून ओढतात, तिथं टाळूचा कॅन्सर. प्रत्येक ठिकाणी रोगाची जागा त्या गावच्या सवयीनं ठरवून दिलेली. मला या नोंदी वाचताना नेहमी वाटतं की आपल्याकडं ज्ञान नव्हतं असं नाही. ते दवाखान्यातून ओट्यापर्यंत यायला पाऊणशे वर्षंही पुरली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

लोकांना भीती मात्र वेगळ्याच गोष्टींची असते. खुर्चीत बसलेला शेतकरी तोंडातला बार थुंकून येतो आणि मला विचारतो, ‘मॅडम, हे फवारणीच्या भाजीपाल्यानंच कॅन्सर वाढलाय ना?’ मोबाइलचा टॉवर, हायब्रीड ज्वारी, प्लॅस्टिकची बाटली, मायक्रोवेव्ह यांबद्दलही विचारतात. हे प्रश्न मी उडवून लावत नाही, कारण त्यातल्या काहींत तथ्य आहे. लिंडेनसारखं कीटकनाशक कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात आहे आणि ग्लायफोसेट हे तणनाशक ‘बहुधा कॅन्सरकारक’ गटात. जो माणूस पाठीवर पंप घेऊन फवारतो त्याचा संपर्क भाजी खाणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर मेले. तो कॅन्सर नव्हता, तरी आपण हातमोजे आणि मास्कविना लोकांना कशाच्या तोंडी देतो हे त्यातून दिसलं. माझ्याकडच्या फडावर मी पाहिलं आहे, फवारून आलेला माणूस बांधावर बसतो, हात न धुता तळव्यावर तंबाखू-चुना घेतो, अंगठ्यानं मळतो आणि तोंडात टाकतो. औषध आणि तंबाखू एकाच तळव्यावर. पर्यावरणाचा धोका आणि सवयीचा धोका पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, बांधावर ते असे एकत्र असतात.

पण कोणता धोका किती मोठा, हे कळण्यासाठी मोजणी लागते, आणि सुदैवानं ती आपल्याच भागात झाली आहे. मुंबईत कॅन्सरची लोकसंख्येवर आधारित नोंदणी १९६३ साली सुरू झाली. बार्शीत नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयात १९८७ साली देशातली ग्रामीण भागासाठीची पहिली नोंदणी सुरू झाली. शेतीची औषधं हेच मुख्य कारण असतं तर बार्शीचं प्रमाण मुंबईच्या वर असायला हवं होतं. ते बरंच खाली आहे. यानं औषधं निर्दोष ठरत नाहीत, पण ती पहिल्या क्रमांकावर नाहीत एवढं नक्की. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०२० सालासाठी जो अंदाज बांधला, त्यात देशातल्या एकूण कॅन्सरपैकी २७.१ टक्के तंबाखूशी जोडलेले होते. कुठल्याही दुसऱ्या एका कारणाचा वाटा आपल्याकडं याच्या जवळपास येत नाही.

‘पहिला गट’ म्हणजे काय, तेही नीट समजून घ्यायला हवं, कारण वर्तमानपत्रांत त्यावरून दरवर्षी घबराट होते. त्या गटवारीत पुरावा किती पक्का आहे हे सांगितलेलं असतं, धोका किती मोठा आहे हे नाही. तंबाखू, दारू, सुपारी, ऊन, शहराची प्रदूषित हवा आणि सॉसेजसारखं प्रक्रिया केलेलं मांस हे सगळं पहिल्याच गटात आहे. म्हणून सॉसेजचा एक तुकडा आणि गुटख्याची पुडी सारखी घातक ठरत नाही. बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाचा त्या गटात २०१३ साली समावेश झाला, आणि कधी विडीला हात न लावलेल्या माणसांना फुप्फुसाचा कॅन्सर होतो त्यात या हवेचा वाटा आहे. चुलीबाबतही तसंच. बंद स्वयंपाकघरात दगडी कोळसा जाळण्याचा धूर निश्चित कॅन्सरकारक मानला जातो, लाकूड-गोवऱ्यांचा ‘बहुधा’. ऊसतोडीच्या टोळीच्या पालात मी गेले की तिथं चूल, आडोसा, आणि शेजारी मशेरीचा तवा, सगळं एकाच धुरात दिसतं. हवा, चूल, फवारणी या गोष्टी एकट्या माणसाला बदलता येत नाहीत, त्या सरकारनं आणि कारखान्यांनी बदलायच्या आहेत. टोळीला गॅसची शेगडी देणं ही कॅन्सर रोखण्याचीच कामगिरी आहे, असं मला मनापासून वाटतं.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट याच मातीत सिद्ध झाली आहे. बार्शीच्या नोंदीत बायकांमध्ये वर्षानुवर्षं गर्भाशयमुखाचा कॅन्सर सर्वांत वर राहिला, मुंबईत स्तनाचा. उशिरा मूल, कमी मुलं, कमी स्तनपान, वाढतं वजन, यांमुळं शहरात स्तनाचा कॅन्सर वाढतो. त्यात बाईचा दोष काढण्यासारखं काही नाही, मात्र तपासणी करून घ्यायला हवी. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागं एचपीव्ही हा विषाणू असतो, आणि तंबाखू त्या विषाणूला साथ देते. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बायकांवर एक मोठा प्रयोग झाला. निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. शेतमजूर बायकांनी, शाळेच्या खोल्यांत आणि दवाखान्याच्या पडवीत रांगा लावून दिलेलं हे उत्तर जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत गेलं. आणि शेजारच्याच बीड जिल्ह्यात, ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९ साली उघडकीला आल्या, तेव्हा अनेकींनी सांगितलं की ‘पिशवी काढली नाहीस तर कॅन्सर होईल’ अशी भीती त्यांना घातली होती. एका चाचणीनं ज्याचं उत्तर मिळतं त्यासाठी तरुण बाईची पिशवी काढली जाते, हे मला आजही सहन होत नाही.

कायदा आपल्याकडं आहे. महाराष्ट्रानं २०१२ साली अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटख्यावर बंदी घातली. लगेच पानमसाला आणि तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या टपरीवर लोंबू लागल्या, गिऱ्हाईक दोन्ही फोडून एकत्र करतो. मावा तर टपरीवाला समोरच घोटून देतो. बंदीचा काहीच उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. गुटखा खाणं ही मोठ्या माणसाची ऐट राहिली नाही, आता पोरं तो लपवून खातात, आणि लपवावं लागणं हीसुद्धा एक पायरी आहे. पण शाळेपासून हाकेच्या अंतरावर पुड्या मिळतात तोवर कायदा कागदावरच आहे.

दवाखान्यात माझं काम त्यामानानं सोपं आहे. पोटातली गाठ कुणाला दिसत नाही, तोंड दिसतं. केरळातच तिरुअनंतपुरमला आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं तपासली, तेव्हा तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. त्यासाठी फक्त उजेड आणि शिकवलेले डोळे लागले. आपल्याकडं आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात, त्यात तोंड उघडायला त्रास होतो का, बरी न होणारी जखम आहे का, असे प्रश्न असतात. पुष्कळ घरांत तो फॉर्म दारातच ‘काही नाही, काही नाही’ म्हणत भरून होतो. ताईंना आत बोलवा, उजेडात बसा, आणि खरं सांगा.

घरीही बघता येतं. आरशासमोर गाल बोटानं बाजूला ओढायचा, खालचा ओठ पालथा करायचा, जीभ दोन्ही बाजूंना वळवून कडा बघायच्या. पुसून न जाणारा पांढरा चट्टा. मखमलीसारखा लाल चट्टा, जो पांढऱ्याहून जास्त धोक्याचा. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, मग ती दुखत नसली तरी. सुरुवातीचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखतच नाही आणि त्यामुळंच माणसं थांबतात. आणि एक गोष्ट जी मला रोजच्या कामात दिसते: दात हलायला लागतो. ‘मॅडम, एवढा दात काढून टाका’ म्हणत माणूस येतो. शेजारचे दात घट्ट असताना एकच दात हलत असेल आणि त्याच्या बुडाशी हिरडी फुगून आली असेल, तर तो दात काढायचा नसतो, हिरडीचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा असतो. तो दात गावातल्या कुणाकडून उपटून घेतला की खड्डा भरत नाही, आणि महिने निघून जातात.

तुकडा काढायचा म्हटलं की घरची माणसं हात धरतात. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ हा समज इतका खोल आहे की शिकलेली मुलंसुद्धा वडिलांना घेऊन परत जातात आणि सहा महिन्यांनी, गालाला भोक पडल्यावर, येतात. तुकडा काढल्यानं तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. भूल देऊन काही मिनिटांत तो निघतो, एखादा टाका पडतो, माणूस चालत घरी जातो. अहवालात पहिली पायरी निघाली तर बहुतेक जण शस्त्रक्रियेनं बरे होतात. शेवटची निघाली तर जबडा जातो, बोलणं जातं, आणि तरी खात्री नसते. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. शिधापत्रिका आणि आधार घेऊन योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचं, तो पुढचं सांगतो.

सोडायचं ठरवणाऱ्याला पहिले दोन-तीन आठवडे जड जातात. झोप उडते, तोंडाला कोरड पडते, घरच्यांवर राग निघतो. मशेरी लावणाऱ्या बाईला मी आधी तिचा दात दुरुस्त करून देते, कारण दुखणं राहिलं तर डबी सुटत नाही. पोट साफ होण्यासाठी सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, गरज पडली तर इसबगोल. तलफ आली की ती दहा-पंधरा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ बडीशेप किंवा लवंग चघळायची, सुपारी नाही. सासू-सुनांनी एकत्र सोडली तर जास्त टिकतं, असा माझा अनुभव आहे. एकटीनं सोडली तर ओट्यावरचा तो वेळही जातो, आणि बाईला तो हवा असतो. नवऱ्यानं रागावून डबी फेकली तर ती आठवड्यात परत येते. तंबाखूच्या पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे, त्यावर सोडण्यासाठी समुपदेशन मिळतं. तलफ फारच अनावर असेल तर निकोटिनचं च्युइंगम किंवा गोळ्या डॉक्टर लिहून देतात. एकदा सुटून पुन्हा लागली तरी परत या, असं मी प्रत्येकाला सांगते, कारण बहुतेकांची ती पहिल्याच खेपेला कायमची सुटत नाही.